टॉवेलच्या शेडमधली गार हवा

सोलापुरात बंद कारखान्याचं पुढं काय होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आधी गेटला कुलूप लागतं, मग कुलूप गंजतं, मग माग भंगारात जातात आणि शेवटी तिथं मंगल कार्यालय उभं राहतं. ज्यांना फारच घाई असते ते प्लॉट पाडतात. त्यामुळे आमच्या पूर्व भागातल्या जुन्या टॉवेल कारखान्यात चित्रकलेची शाळा होणार, हे कळल्यावर गल्लीतल्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मग लग्नं कुठं लावायची?"

ही कल्पना धाकट्या शेठची. थोरले शेठ गेले तेव्हा तो कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, धंदा सगळा एमआयडीसीतल्या नव्या शेडमध्ये गेला होता. वडिलांच्या नावानं काहीतरी करावं म्हणून धाकटे शेठ एका संध्याकाळी माझ्या घरी आले. शाळेत मी त्यांना चित्रकला शिकवली होती. दरवर्षी ते एकच चित्र काढायचे : दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली यायच्या ऐवजी डोंगरावर चढणारी नदी. हात इतका वाईट आणि चित्रकलेवर प्रेम इतकं, असा दुसरा विद्यार्थी मला उभ्या नोकरीत भेटला नाही. ज्यांचा हात चांगला होता ते बँकेत लागले आणि त्यांनी पुन्हा कधी पेन्सिलीला टोक केलं नाही.

"बाई, प्राचार्य तुम्हीच व्हायचं," ते म्हणाले.

"अरे, मी शाळेतली चित्रकलेची बाई. तेही निवृत्त. एवढं मोठं काढतोयस तर मोठी माणसं आण बाहेरची."

"मोठ्या माणसांना विचारलं, बाई. सोलापूर म्हटल्यावर ते उन्हाळ्याबद्दल विचारतात."

अशा रीतीनं माझी गुणवत्ता सिद्ध झाली. मला उन्हाळ्याची सवय होती.

पण धाकट्या शेठना नुसती शाळा नको होती. ती वीज वाचवणारी हवी होती. एसी नाही, कूलर नाही, पंखेसुद्धा जेमतेम, आणि तरी भर मे महिन्यात आत बसवेल अशी. त्यांनी परदेशात कुठंतरी तसली इमारत पाहिली होती. ते हे सगळं सांगत असताना आमचे यजमान कॉटवर पेपर वाचत बसले होते. त्यांच्या गावी, मंद्रूपकडं, बायका नवऱ्याला मालक म्हणतात, पण लग्नानंतर लगेच मी ते बंद केलं होतं. मालक म्हटलं की ते दचकून शेठ आले का बघायचे. कारण ते त्याच कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की जोडायचा, सूत तुटलं की मागवाल्यावर ओरडायचं, हे त्यांचं काम. त्या खडखडाटात वीसेक वर्षं काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते, आणि आपण ओरडतोय हे त्यांना अजूनही कळत नाही.

"काय म्हनत्यात?" त्यांनी मला विचारलं. शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं.

"जुनी शेड गार करणार आहेत," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"कोन? देव?"

धाकटे शेठ हसले. यजमान हसले नाहीत. त्यांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "त्या शेडमदी उनाळ्यात आमी बनियन पिळून वाळत घालायचो. जागा गार हुनार न्हाय ती. मातीच गरम हाय तिथली."

काही दिवसांनी पुण्याहून आर्किटेक्ट आली. तिशीची, चुणचुणीत, खादीचा कुर्ता आणि पायात कोल्हापुरी. मुलगी मला पहिल्या भेटीतच आवडली. ती सगळं खरं बोलत होती आणि त्यातलं निम्मं मला कळत होतं. शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं होतं. प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला उत्तरेकडं काचा. त्या काचांवर पूर्वी निळा रंग फासलेला होता. तो खरवडून काढला की दिवसभर सारखा, मऊ उजेड येईल, दिवे लावायला नकोत, असं ती म्हणाली. पत्र्यावर पांढरा थर द्यायचा म्हणजे ऊन परत जाईल. आणि मुख्य म्हणजे मागच्या बाजूला जमिनीत खोल नळ पुरायचे. बाहेरची तापलेली हवा त्या नळांतून फिरून येताना मातीचा गारवा घेईल आणि हॉलमध्ये फरशीच्या जाळ्यांतून वर येईल. आतली गरम हवा छपरावरच्या धुराड्यांतून निघून जाईल. हे सगळं तिनं आम्हाला स्टेशनजवळच्या हॉटेलात, एसी लावून समजावलं, कारण शेडमध्ये त्या दिवशी उभं राहवत नव्हतं.

यजमानांना मी एकदा बळंच सोबत नेलं. जुन्या मागांचे पाये कुठं होते, पाण्याच्या वाटा कुठं होत्या, हे त्यांना माहीत असणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. ते आत आले आणि दाराशीच थांबले. मग मागच्या भिंतीशी जाऊन त्यांनी टाच आपटली.

"हितं हीर हुती. बुजवलेली. थोरल्या शेठच्या बापानं बुजवली. हितं खांदा, पानी लागंल."

आर्किटेक्टचे डोळे चमकले. विहीर म्हणजे पाणी, पाणी म्हणजे आणखी गारवा. तिनं लगेच नकाशावर खूण केली, दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आलं आणि खणाई सुरू झाली. यजमान रोज जेवणाचा डबा घेऊन खुर्ची टाकून बसायचे. खड्डा माणसाच्या दुप्पट खोल गेला तरी विहीर काही लागली नाही. लागला तो सलग, कोरडा मुरूम.

"काका, नक्की इथंच होती का?" आर्किटेक्टनं शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"हितंच हुती की," यजमान म्हणाले. मग जरा वेळानं, त्यांच्या मानानं हळू आवाजात, म्हणाले, "का शेजारच्या कारखान्यात हुती ती..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती मुलगी गोड. तिनं खड्ड्याच्या काठावर उभं राहून थोडा विचार केला आणि म्हणाली, खड्डा आहे तर नळांची सुरुवात इथूनच करू. नाहीतरी कुठंतरी खणायचंच होतं. त्या दिवसापासून यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "जागा मी काढून दिली. इंजिनियरला घावत नव्हती."

काम संपायला धरलं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, पण झालं चांगलं. खोटं कशाला बोलू, फार चांगलं झालं. काचा उघड्या झाल्यावर त्या शेडमध्ये जो उजेड उतरला, तो बघून मी एका खांबाला धरून उभी राहिले. आयुष्यभर मी मुलांना वर्गात ट्यूबलाइटखाली सावली काढायला शिकवली होती. इथं सावली आपण होऊन कागदावर येऊन बसत होती.

उद्‌घाटन मुद्दाम मे महिन्यात ठेवलं. गारवा लोकांना अंगावर कळावा, हा हेतू. पाहुणे राजधानीतून येणार होते. त्यांच्या माणसांनी दोन दिवस आधी येऊन पाहणी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "एसी कुठं आहे?"

"एसी नाहीये, हेच तर वैशिष्ट्य आहे," धाकटे शेठ म्हणाले.

"वैशिष्ट्य ठीक आहे. पण साहेबांना घाम येतो."

शेवटी तोडगा निघाला. समारंभ हॉलमध्येच, पण पाहुण्यांना आधी बसायला बाहेर एसीचा तंबू. तंबूला वीज हवी, म्हणून ट्रकभर मोठा जनरेटर आला. मांडववाल्यानं तो इमारतीच्या मागे, कुणाला दिसू नये असा, एका लोखंडी जाळीशेजारी नेऊन उभा केला. ती जाळी म्हणजे यजमानांनी काढून दिलेली जागा. हॉलमध्ये जाणारी सगळी हवा तिथूनच आत शिरत होती.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं आणि पाहुणे बोलायला उभे राहिले. स्वच्छ ऊर्जा ही काळाची गरज आहे, एवढं त्यांनी म्हटलं, तोवर फरशीच्या जाळ्यांतून गार, काळसर, डिझेलच्या वासाची हवा वर यायला लागली. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. पाहुणे खोकले, पाणी प्यायले, पुन्हा म्हणाले, "स्वच्छ ऊर्जा..." आणि पुन्हा खोकले. आर्किटेक्ट उठून मागे धावली. यजमान माझ्या शेजारी बसले होते. त्यांना भाषण ऐकू येत नव्हतं, पण वास येत होता.

"आता कसं कारखान्यासारखं वाटाय लागलं," ते म्हणाले. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. पाहुण्यांनाही.

त्यानंतर शाळा सुरू झाली. म्हणजे पाटी लागली, मी लाकडी टेबलामागे बसले आणि विद्यार्थ्यांची वाट बघायला लागले. पालक यायचे, उजेड बघून खूश व्हायचे, फरशीच्या जाळीवर पाय ठेवून "अरे वा, एसी दिसत नाही पण आहे" म्हणायचे आणि मग विचारायचे, "इथनं बाहेर पडल्यावर लागतं कुठं?" मला खोटं बोलता आलं नाही. एका बेंचावर बसतील इतक्याच विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. त्यांतली एक मुलगी मात्र पेन्सिल हातात घेऊनच जन्माला आली होती. तिचे वडील रिक्षा चालवायचे आणि रिक्षाच्या मागं गुलाब रंगवायचे. ते तिला सोडायला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, इसकू गुलाब आता है. बाकी तुमे सिखाव."

माणसं काढायला शिकवायचं तर समोर बसायला माणूस हवा. सोलापुरात कामाशिवाय नुसतं बसणारा माणूस शोधणं कठीण. यजमानांना बसवून पाहिलं, पण दर थोड्या वेळानं ते उठून चित्र बघायला यायचे आणि कान चुकला म्हणून सांगायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात, एके दुपारी, अक्का आली. अक्का म्हणजे मागच्या वस्तीतली विड्या वळणारी बाई. तेलुगू बोलणारी, पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्या मागं आणखी चार-पाच जणी, प्रत्येकीच्या काखेला सूप.

"टीचरम्मा, जरा बसतो की हितं," ती म्हणाली. "लाइट गेली. घर पत्र्याचं. पानं वाळून तुटतंय."

विडीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात. झळ लागली की ती कडकडीत होतात आणि वळताना फाटतात. फाटलेली विडी कारखाना घेत नाही. मी म्हटलं, बसा. त्या खांबाशी, बरोबर जाळीच्या भोवती, गोल करून बसल्या. पाय पसरले, सुपं मांडीवर घेतली, आणि बघता बघता हात चालायला लागले : पान कापायचं, तंबाखूची चिमूट टाकायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. अंग दगडासारखं स्थिर, हात तेवढे हलताहेत. आणि वरून उत्तरेचा तो मऊ उजेड. मी वर्गाकडं वळले, तर रिक्षावाल्याच्या मुलीनं आधीच कागद लावलेला.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. आधी पाच-सहा, मग बारा-पंधरा. विद्यार्थ्यांपेक्षा त्या जास्त. शाळेचा हॉल भरलेला दिसायला लागला. अक्का जाता जाता चित्रं बघायची आणि मत द्यायची. रिक्षावाल्याच्या मुलीनं एकदा तिचं मोठं चित्र काढलं. ते बघताना तिनं आपल्या गळ्यावरून हात फिरवला.

"पोत सोडली तर गळा मोकळा काढलंस," ती म्हणाली.

"मोकळाच आहे ना, अक्का," मुलगी म्हणाली.

"आता हाय. आधी नव्हतं. सोन्याची पुतळ्याची माळ होती. लेकीच्या लग्नात गेली." मग तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "काढ की एक माळ. कागदावर काय जातंय तुझं?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. समोर जे आहे तेच काढायचं, हे मी वर्षभर घोकून घेतलं होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मुलीनं माळ काढली, चांगली घसघशीत, एकेक पुतळी वेगळी. अक्कानं ते चित्र घरी मागितलं नाही. पण रोज येताना ते भिंतीवर आहे की नाही, ते बघून मग बसायची.

इकडं धाकट्या शेठना इमारतीसाठी प्रमाणपत्र हवं होतं. वीज वाचवणाऱ्या इमारतींना तसं मिळतं म्हणे. तपासायला दिल्लीहून एक साहेब येणार होते. आदल्या दिवशी शेठ माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"बाई, उद्या त्या बायकांना येऊ नका म्हणून सांगा."

"का रे?"

"तंबाखू, बाई. शैक्षणिक संस्थेत तंबाखू. साहेबांकडं हवा मोजायचं यंत्र असतं."

बरोबरच होतं त्यांचं. गेटवर आम्हीच पाटी लावली होती, आवारात तंबाखूला बंदी म्हणून. ती पाटी वाचता न येणाऱ्या बायका रोज तिच्याखालून तंबाखूची सुपं घेऊन आत येत होत्या. मी वस्तीत जाऊन अक्काला सांगितलं. ती पत्र्याखाली बसली होती. तिनं ऐकून घेतलं.

"आमी वळतो, टीचरम्मा. वडत नाही."

"मला माहीत आहे, अक्का. एक दिवस फक्त."

"एक दिवस म्हणून सांगतात. मग रोज एक दिवस होतं," ती म्हणाली आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. शांत, बारीक, चष्म्यातले. त्यांनी हवा मोजली, उजेड मोजला, भिंतींना हात लावून पाहिला, आणि सगळं उत्तम आहे म्हणाले. मग हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. एवढ्या मोठ्या शेडमध्ये आमचे विद्यार्थी एका कोपऱ्यात बसले होते.

"इमारत वापरतं कोण?" त्यांनी विचारलं.

"विद्यार्थी," धाकटे शेठ म्हणाले.

"एवढेच?"

शेठनी मान हलवली. साहेबांनी समजावून सांगितलं. वीज थोडीच जळते हे खरं, पण तिला माणसांनी भागायचं असतं. माणसंच नसतील तर माणशी खर्च फार दिसतो. रिकामी इमारत कितीही गार असली तरी ती वाया गेलेलीच. ते जेवून परत येणार होते; दुपारचा वर्ग बघून मग लिहितो म्हणाले.

त्यांची गाडी गेटबाहेर पडायच्या आत शेठ माझ्याकडं वळले. "बाई, त्या बायका..."

मी पुन्हा वस्तीत गेले. असल्या कामाला प्राचार्याचं पद उपयोगी पडत नाही. मी अक्काच्या दारात, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि जे झालं ते सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"सकाळी नको, दुपारी पायजे," ती म्हणाली.

"हो."

"तंबाखू नको, आमी पायजे."

"हो, अक्का."

"येतो. पण परत जा म्हणायचं नाही. कधीच नाही. तू बोल."

मी शब्द दिला. त्या पंधराजणी आल्या, हातपाय धुऊन, ठेवणीतल्या साड्या नेसून, सुपांशिवाय. विद्यार्थ्यांनी प्रत्येकीला एक फळी, एक कागद आणि पेन्सिल दिली. साहेब यायला अवकाश होता. त्या बसल्या. पण त्या हातांना रिकामं राहायची सवय नव्हती. मी दारापर्यंत जाऊन परत आले तोवर अक्कानं कातर मागून घेतली होती. बाकीच्यांनीही घेतल्या. चित्रकलेचे चांगले, जाड कागद त्यांनी पानाच्या मापानं कापले आणि एकेक वळायला सुरुवात केली. दोरा कुणीतरी पदराला बांधून आणलेलाच होता. साहेब आत आले तेव्हा त्यांच्यासमोर पांढऱ्या कागदी विड्यांचे नीट रचलेले ढीग तयार झाले होते.

मी डोळे मिटून घेतले. साहेब खाली वाकले, त्यांनी एक विडी उचलली, उजेडात फिरवून पाहिली.

"फार सुंदर," ते म्हणाले. "हे काय माध्यम आहे?"

धाकट्या शेठनी माझ्याकडं बघितलं. "कागदकाम," मी म्हटलं.

"कधीपासून शिकताय?" साहेबांनी अक्काला विचारलं.

"लहानपणापासून," अक्का म्हणाली. त्या दिवशी त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच असावं.

प्रमाणपत्र मिळालं. ते घ्यायचा छोटा कार्यक्रम शाळेतच झाला. बायकांची सोय आता अधिकृत होती. तंबाखूची कामं मागच्या पडवीत, तिथंही फरशीला जाळ्या घेतल्या. दुपारचा काही वेळ आत, विद्यार्थ्यांसमोर बसायला. चित्र काढायला मात्र त्यांतली एकही शिकली नाही. अक्कानं चार दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. "ह्यात संपलं कधी ते कळत नाही," ती म्हणाली. मी तिची पेन्सिल परत डब्यात ठेवली.

त्या कार्यक्रमात धाकट्या शेठच्या मनात आलं की जुन्या कामगारांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत. जुना कामगार म्हणजे यजमान. मी नको नको म्हणत होते. ते मात्र इस्त्रीचा सदरा घालून तयार. माइक समोर होता, पण त्यांना त्याची गरज नव्हती.

"गार हाय," ते म्हणाले. "लई गार हाय. आमी हुतो तवा पायजे हुतं."

आणि खाली बसले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवायला लागला. लोकांना वाटलं, म्हातारा भारावून गेलाय. मी धाकट्या शेठकडं बघितलं. ते टाळ्या वाजवत नव्हते.

संध्याकाळी ते घरी आले. मी चहा टाकला. ते यजमानांच्या शेजारी कॉटवर बसले आणि कानाशी जाऊन म्हणाले, "काका, बाबांना माहीत नव्हतं हो, असं काही करता येतं ते. त्या काळी हे नव्हतंच."

"म्हाईत हुतं की," यजमान म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखादी वस्तू कुठं ठेवलीय हे सांगावं तसं ते सांगत होते. "त्यांच्या केबिनला वाळ्याच्या ताट्या हुत्या. पानी मारायला मानूस हुता येक. आमी पगाराला गेलो की मुद्दाम हळूहळू सही करायचो. वास लई चांगला यायचा."

धाकटे शेठ पुन्हा त्यांच्या कानाशी वाकले. "आणि खिडक्या?"

"खिडक्या उगडा म्हनलं तर सूत सुकतंय म्हनायचे. खरं हाय, सुकतंय. तुटतंय." यजमानांनी बशीत चहा ओतला. "मानूस सुतासारखा तुटत न्हाय की. म्हनून चाललं."

मला वाटलं, आता शेठ काहीतरी बोलतील; माफी मागतील, किंवा वडिलांची बाजू घेतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. चहा संपवला, वाकून नमस्कार केला, आणि गेले. मला जरा वाईट वाटलं. प्रमाणपत्राच्याच दिवशी हे ऐकवायला नको होतं, असं मी यजमानांना म्हटलं. ते म्हणाले, "त्यानं इचारलं, म्या सांगितलं."

महिनाभरानं आर्किटेक्ट पुन्हा सोलापुरात दिसली. मला वाटलं, शाळेतलं काही बिघडलं. पण तिचा मुक्काम एमआयडीसीत होता. धाकट्या शेठच्या चालू शेडमध्ये. तिथं माग सुरू होते, माणसं होती, आणि उन्हाळा नेहमीसारखाच होता. तिथं सगळं करता येणार नाही, ती म्हणाली. सुताला हवेत ओल हवीच, आणि खाली खणायचं तर माग बंद ठेवावे लागतील, त्याला शेठ तयार नाहीत. पण पत्रा पांढरा करता येईल, वर धुराडी बसवता येतील. नळांचं पुढच्या वर्षी बघू, असं शेठ म्हणाले आहेत. "पुढच्या वर्षी" हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघून हलकेच भुवई उचलली. सोलापुरात तिला पुरेसे दिवस झाले होते.

काम झाल्यावर शेठनी गाडी पाठवून यजमानांना बघायला नेलं. मी शाळेत होते. परतले ते दिवेलागणीला, कपड्यांवर सुताची भुकटी घेऊन, जशी पूर्वी असायची. हातपाय धुऊन ते कॉटवर टेकले.

"कसं आहे?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"पत्रा पांडरा केलाय. धुराडी बसवल्यात."

"म्हणजे बरं झालं."

"बरं न्हाय," ते म्हणाले. "उबं ऱ्हावतंय." आणि जेवायला काय केलंय, ते विचारलं.